चेन सॉने ओंडका चिरायचाय? बारच्या लांबीवर नाही, धारेवर पैसे घाला



फणसाच्या किंवा आंब्याच्या एकसंध जाड फळीचं टेबल, कडेची साल तशीच ठेवलेलं. हॉटेलवाले, होम स्टेवाले, शहरातले फर्निचरवाले, सगळे मागतायत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याजवळून गेलं. पडलेल्या झाडांचं काय झालं? बरीचशी सरपणात गेली, कारण ओंडका जागेवर चिरून देणारा माणूस जवळपास नव्हता. सॉ मिलपर्यंत ओंडका न्यायचा तर रस्ता हवा, ट्रक हवा, क्रेन हवी. म्हणजे इथे धंदा आहे. चेन सॉला मिलिंगची फ्रेम लावून झाड पडलंय तिथेच फळ्या पाडून देण्याचा धंदा.

माझं मशिनरीचं दुकान आहे. या धंद्यात उतरणारा माणूस काउंटरवर आला की दहातल्या आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सर्वात मोठा बार केवढ्याला?" दुकानदार म्हणून माझा फायदा त्यांना ३६ इंची बार देण्यात आहे. तरी माझं स्पष्ट मत सांगतो. बहुतेकांनी तो घेऊ नये. सुरुवातीच्या भांडवलातला मोठा हिस्सा लांबीवर नाही, तर तीन चांगल्या चेन, कानशी आणि धार लावायला शिकण्यावर गेला पाहिजे. का, ते नीट समजून घ्या, कारण यात तुमचे पैसे अडकणार आहेत आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते मुद्रा कर्जाचे असणार आहेत. शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात. त्यात मशीन, फ्रेम, बार, चेन, सुरक्षेचं सामान, सगळं बसवायचं म्हणजे प्रत्येक रुपयाला काम असलं पाहिजे.

आधी इंजिन, मग बार

झाड आडवं कापताना मशीन पाच-दहा मिनिटं पळतं आणि थांबतं. ओंडका उभा चिरताना मात्र फुल रेसवर, न थांबता, लाकडाच्या पूर्ण रुंदीत चेन अडकलेली असते. सगळे दात एकदम काम मागतात. बार जितका लांब तितके लाकडात एकाच वेळी गुंतलेले दात जास्त, आणि त्या सगळ्यांना ओढायला इंजिन तेवढंच. ताकद कमी पडली की चेन मंदावते, मंदावली की घासते, घासली की तापते. मग बार निळा पडतो आणि पिस्टन ओरखडतो.

आपल्याकडच्या कठीण लाकडासाठी मी लावतो तो ठोकताळा असा.

४५ सीसीच्या आसपासचं मशीन: १६ ते १८ इंची बार, मऊ लाकूड, अधूनमधून. धंदा म्हणून नाही.
६० सीसी: २० इंची.
७० सीसी: २४-२५ इंची.
९० सीसी: ३६ इंचीपर्यंत.
त्यापुढच्या लांबीला १२० सीसीच्या आसपासचं मशीन.

शेती औजारांच्या दुकानात मिळणारं स्वस्त ५८ सीसीचं मशीन घेऊन त्यावर ३० इंची बार चढवायचा विचार असेल तर थांबा. बार बसेल. चेनही फिरेल. पहिली चिंचेची फळी निम्म्यावर येईपर्यंत मशीनचा जीव गेलेला असेल. चिंच आणि बाभूळ म्हणजे आंबा नव्हे.

२४ इंची बार म्हणजे २४ इंची फळी नाही

हा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही. मिलिंगची फ्रेम बारला दोन्ही टोकांना पकडते. एका बाजूला इंजिनजवळ काही इंच जातात, दुसरीकडे नाकाजवळ काही. एकूण पाच-सहा इंच गेले असं धरा. म्हणजे २४-२५ इंची बारवर साधारण १८-१९ इंच रुंद लाकूड चिरता येतं आणि ३६ इंचीवर ३० च्या आसपास. इंजिनासमोरचा लोखंडी पंजा काढला तर थोडी जागा वाढते.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. तुमच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत येणाऱ्या ओंडक्यांची रुंदी किती? अंदाज नको, टेप घेऊन जा. दहा ओंडके मोजा, वहीत लिहा. दहातले सात-आठ १८ इंचांच्या आत असतील तर तुमचा बार २४-२५ इंची आहे, विषय संपला. उरलेल्या दोन-तीन मोठ्या ओंडक्यांसाठी वर्षभर मोठ्या मशीनचं ओझं आणि पेट्रोल वाहायचं का?

"पण सर, मोठं गिऱ्हाईक परत जाईल ना?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला तीन उत्तरं आहेत. एक, ओंडका जास्त रुंद असेल तर दोन बाजूंचे कडे आधी उतरवा, मधला भाग तुमच्या बारमध्ये बसतो का बघा. दोन, मोठं मशीन असलेल्या माणसाशी आधीच बोलून ठेवा, काम त्याला द्या आणि ठरलेलं कमिशन घ्या. तीन, अशी कामं महिन्याला चार यायला लागली, वहीत दिसायला लागली, की मग मोठं मशीन त्या कामांच्या कमाईतून घ्या. मागणी आधी, भांडवल नंतर. बीबीएच्या पुस्तकात हे मोठ्या शब्दांत असतं, गल्ल्यावर बसलं की सोप्या शब्दांत कळतं.

तीन आकडे जुळलेच पाहिजेत

बार आणि चेन घेताना पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या हे तिन्ही आकडे जुळावे लागतात. दोन जुळले, एक नाही, तर पैसे पाण्यात.

पिच म्हणजे चेनच्या दोन कड्यांमधलं अंतर. मोजायची युक्ती सोपी आहे. ओळीने तीन रिव्हेट धरा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोनने भागा. ते पूर्ण अंतर १६.५ मिमी आलं तर ०.३२५ पिच, १९ मिमी आलं तर ३/८, साडेवीस आलं तर ०.४०४. बारच्या नाकातलं चाक आणि इंजिनवरचं स्प्रॉकेट, दोन्ही त्याच पिचचे हवेत.

गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी. १.१, १.३, १.५ आणि १.६ मिमी हे नेहमीचे चार आकडे. जाड चेन खाचेत जाणारच नाही. पातळ चेन जाईल, पण डुलेल आणि फळीवर लाटा उमटतील.

ड्राइव्ह लिंक म्हणजे खाली आलेले टोकदार तुकडे. ते मोजायचे. "२२ इंची चेन द्या" असं दुकानात कधी मागू नका, कारण एकाच लांबीच्या दोन कंपन्यांच्या बारला लिंकची संख्या वेगळी असू शकते. हे आकडे बहुतेक बारवर इंजिनाकडच्या टोकाला कोरलेले असतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तोच दुकानदाराला दाखवा.

एक धोक्याची जागा. ३/८ आणि ३/८ लो प्रोफाइल या दोन चेन मोजल्यावर जवळपास सारख्याच भरतात, पण त्या एक नाहीत. लो प्रोफाइल अंगाने लहान असते, तिचं स्प्रॉकेट आणि नाकाचं चाक वेगळं असतं. नुसतं "तीन अष्टमांश" म्हणून चेन आणली तर घरी जाऊन कपाळावर हात मारायची वेळ येते. स्वस्त ५८ सीसीच्या मशीनवर अनेकदा ०.३२५ पिच आणि १.५ गेज असतं, पण मशीन बघितल्याशिवाय हे गृहीत धरू नका.

रिपिंग चेन हवीच का?

आज आपण वापरतो त्या चेनचं मूळ १९४६-४७ सालातलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. लाकूड पोखरणारी अळी आपल्या जबड्याने डावीकडे-उजवीकडे लाकूड खाते हे त्याने पाहिलं आणि तशा आकाराचे, एक डावा एक उजवा असे दात असलेली चेन बनवली. झाड पाडायला, तुकडे करायला ती उत्तम. म्हणूनच दुकानात मिळणाऱ्या साध्या चेनच्या दाताला वरून साधारण ३० अंशांचा तिरका कोन असतो. आडव्या कापणीला तो योग्य आहे.

उभं चिरताना मात्र तोच तिरका दात बाजूला ओढ घेतो, फळीवर खरबरीत रेघा सोडतो. रिपिंग चेनमध्ये हा कोन १० अंशांच्या आसपास असतो. दात जवळजवळ सरळ तासतो, पृष्ठभाग गुळगुळीत येतो. वेग दुप्पट होतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, फरक मुख्यतः फिनिशिंगमध्ये आहे. पण फिनिशिंग म्हणजेच पैसे. खरबरीत फळी सुताराकडे गेली की तो दोन्ही बाजूंनी जास्त रंधा मारणार, त्याची मजुरी वाढणार, फळीची जाडी कमी होणार. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येणार नाही.

माझं मत असं की रिपिंग चेन हवीच, पण तयार रिपिंग चेन मिळत नाही म्हणून धंदा अडवू नका. साधी सेमी चिझल चेन घ्या आणि प्रत्येक धारेला कोन थोडा थोडा कमी करत १० अंशांवर आणा. सेमी चिझल म्हणजे दाताचा कोपरा गोलसर असलेली. फुल चिझल कोरी असताना जास्त वेगात कापते, पण मातीच्या सालीत आणि कठीण लाकडात तिचा कोपरा लवकर जातो. आपल्याकडचे ओंडके शेताच्या बांधावर, चिखलात पडलेले असतात. सागात तर सिलिका असते, ती धार खाते. त्यामुळे सेमी चिझल.

साधारण २८-३० इंचांपुढच्या बारवर स्किप चेनचा विचार करा. तिच्यात दात कमी असतात, भुसा बाहेर पडायला जागा जास्त आणि इंजिनवर ओझं कमी. छोट्या बारवर तिची गरज नाही.

बारीक चिरेचा मोह

"लो प्रोफाइल चेन लावली की लाकूड कमी वाया जातं" हे खरं आहे. पण किती, ते मोजू. ३/८ ची साधी चेन साधारण ९ मिमी लाकूड खाते, लो प्रोफाइल ७ च्या आसपास. ८ फूट लांब, १८ इंच रुंद फळी म्हणजे १२ चौरस फूट. एका चिरेत ९ मिमीने ०.३५ घनफूट भुसा होतो, ७ मिमीने ०.२८. फरक ०.०८ घनफूट. लाकूड हजार रुपये घनफूट धरलं तर एका चिरेमागे ८० रुपये. तीनशे रुपये घनफूट धरलं तर २४ रुपये. म्हणजे सागासारख्या महाग लाकडात रोजचं काम असेल तर हा विचार करा, आंब्याला नको. शिवाय लो प्रोफाइल चेन लहान मशीनसाठी बनलेली असते. चेन बनवणाऱ्याने ती किती सीसीपर्यंत चालवायला सांगितलीय ते पाहूनच लावा. तुटलेली चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने येते.

याच हिशोबातून मोठा निर्णय निघतो. एक इंची फळ्या पाडल्या तर दर ३४ मिमीमागे ९ मिमी भुसा, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त लाकूड गेलं. दोन इंची फळीत हेच प्रमाण १५ टक्क्यांवर येतं. बँड सॉ दोन-तीन मिमीच खातो. मग पातळ फळ्यांचं काम बँड सॉ वाल्याला जाऊ द्या. तुमचा माल म्हणजे जाड, रुंद, एकसंध फळी, जी तो जागेवर येऊन पाडू शकत नाही. लाकूड गिऱ्हाइकाचं असेल तर चिरेत किती जाणार हे काम सुरू करण्याआधीच सांगा, नंतर वाद नको.

पैसा धारेत आहे

आता मूळ मुद्दा. बार हा एकदाच केलेला खर्च. चेन आणि धार हा रोजचा. उदाहरणासाठी आकडे धरू, तुम्ही तुमचे टाका. धारदार चेनने एक फळी १२ मिनिटांत पडते. फळी उचलून पुढची मांडणी १० मिनिटं. दर दोन फळ्यांनंतर ८ मिनिटं धार, म्हणजे फळीमागे ४. एकूण २६ मिनिटं. सहा तासांत १३ फळ्या. आता "धार लावत बसायला वेळ कुठाय" म्हणणारा बघा. त्याची फळी २५ मिनिटांत, मांडणी १०, एकूण ३५. सहा तासांत १० फळ्या. फरक तीन फळ्यांचा, म्हणजे ३६ चौरस फूट. चौरस फुटाला ४० रुपये मजुरी धरली तर दिवसाला १,४४० रुपये. शिवाय त्याचं पेट्रोल जास्त, मशीन जास्त तापलेलं आणि फळी लाटेरी.

म्हणून माझी पहिली खरेदीची यादी अशी. इंजिनाला झेपेल तो एक बार, शक्यतो भरीव. त्याच्या तीन चेन. योग्य मापाच्या गोल कानशी: ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८, साध्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी (चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं तेच घ्या). कोन दाखवणारा गाइड, डेप्थ गेज उतरवायला सपाट कानस आणि त्याची पट्टी. लांब बार असेल तर नाकाजवळ वेगळं तेल सोडणारी छोटी टाकी, कारण मशीनचं तेल टोकापर्यंत पुरत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. आडवं कापताना भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की धार गेली असं आपण म्हणतो. उभं चिरताना भुसा मुळातच बारीक पडतो, त्यामुळे त्यावर जाऊ नका. मशीन ढकलावं लागतंय, चिरेतून धूर येतोय, चीर एका बाजूला ओढ घेतेय, यातलं एक जरी दिसलं तरी थांबा आणि धार लावा. सगळे दात सारख्या लांबीचे ठेवा. डाव्या बाजूचे लहान आणि उजव्या बाजूचे मोठे झाले की फळी वाकडीच येणार. दर एक-दोन दिवसांनी बार उलटा करून लावा, खाच साफ करा, कडेला आलेली धारदार किनार कानशीने काढा.

गावातली, रस्त्याकडेची, देवळाजवळची झाडं चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. बोर्डाचे खिळे, तारा, दिव्यांचे हूक, सगळं पोटात असतं. एक खिळा लागला की चेनची धार गेली आणि अर्धा तास गेला. अशा ओंडक्याचा दर वेगळा ठेवा आणि खिळा लागला तर धारेचा खर्च कोणाचा, ते बिलबुकावर लिहून ठेवा.

परवानगीशिवाय चेन फिरवू नका

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी आपल्या रोजच्या कामातली झाडं आहेत. शहरी भागाला १९७५ चा वेगळा कायदा आहे. लाकूड चिरण्याच्या व्यवसायाला आणि वाहतुकीलाही वन खात्याचे नियम आहेत. म्हणून पहिला बार विकत घेण्याआधी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, तुमचं काम नेमकं काय ते अर्जात लिहा आणि लेखी उत्तर घ्या. प्रत्येक कामाआधी मालकाकडून तोडीच्या परवानगीची प्रत मागा. "पडलेलंच झाड आहे हो, काही होत नाही," असं म्हणणारा मालक तुमचं मशीन जप्त झाल्यावर सोडवायला येत नाही.

आणि अंगावर सामान घातल्याशिवाय मशीन सुरू नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पायाला चेन सॉची खास पॅन्ट, जाड बूट. मिलिंगमध्ये तुम्ही वाकून, धुराच्या तोंडाशी, तासन्‌तास असता. वाऱ्याची दिशा बघून उभे राहा. चिरेत मागून पाचरी मारत चला, म्हणजे वरची फळी बारवर बसणार नाही. प्रत्येक फळीनंतर मशीन लगेच बंद करू नका, थोडं मंद चालू ठेवून थंड होऊ द्या.

आता या आठवड्याचं काम. खरेदी नाही. टेप, वही आणि पेन घ्या. तुमच्या टापूतले दहा ओंडके मोजा, लाकडाची जात लिहा. दोन सुतारांना विचारा, किती जाडीची, किती रुंद फळी घ्याल आणि काय दराने. मशीन असेल तर बारवरचे तीन आकडे उतरवा. ही वही घेऊन कुठल्याही दुकानात जा, माझ्याच असं नाही. काउंटरवरच्या माणसाने वही न बघता सर्वात लांब बार काढून समोर ठेवला तर नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा.

धार कशी लावायची, १० अंश कसे धरायचे, डेप्थ गेज किती उतरवायचा, हे सगळं पुढच्या व्हिडिओत हातात कानस घेऊन दाखवतो. तोपर्यंत ओंडके मोजून ठेवा.